आजीच्या ट्रंकेतल्या वस्तू: घासायच्या, की तशाच मांडायच्या?

गावाकडचं घर रिकामं करताना किंवा आजीची ट्रंक वाटून घेताना हाती येतं ते बहुतेक घरांत सारखंच असतं. नाव घातलेलं घंगाळ, काजळी धरलेली समई, चुना वाळून बसलेला पानाचा डबा, घडीवर विरलेली पैठणी, काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो, रुमालात बांधलेले मोडी कागद. हे सगळं दिवाणखान्यात मांडायचं ठरतं आणि त्याच संध्याकाळी चिंच भिजत पडते. घोटाळा इथेच होतो. पन्नास वर्षं ट्रंकेत जेवढं नुकसान झालं नसेल तेवढं या पहिल्या उत्साहात तासाभरात होतं. घासून गेलेला धातू, धुऊन उतरलेला रंग, तुटलेला रेशमी धागा यांतलं काहीच परत येत नाही.

म्हणून एकच धोरण धरा. धूळ आणि चिकट मळ काढायला हरकत नाही, पण काळपटपणा, डाग, झिजलेपणा यांना हात लावण्याआधी त्या वस्तूपुरता विचार करा. शंका असेल तर थांबा. न घासलेली वस्तू पुढच्या वर्षीही घासता येते.

१. आधी नोंद, मग फडकं

प्रत्येक वस्तूचे पुसण्याआधी फोटो काढा: समोरून, मागून, तळाकडून, आणि एक फोटो बाजूने तिरपा उजेड टाकून. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च भांड्याला जवळजवळ समांतर धरला की झिजलेलं नाव, ठोके, सुटलेला झाळकामाचा सांधा, सगळं उठून दिसतं.

भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं नीट वाचा. त्यात बहुधा देणाऱ्याचं नाव, प्रसंग आणि साल असतं. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८५० म्हणजे इ. स. १९२८. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९ मिळवायचे. अक्षरं वाचता येत नसतील तर वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, ठसा उमटतो. हे घासण्यापूर्वीच करायचं, कारण पावडरीने सगळ्यात आधी ही उथळ अक्षरंच बुजतात.

वहीत प्रत्येक वस्तूसाठी एवढं लिहा: क्रमांक, नाव, कुणाची होती, कशाची आहे, सेंटिमीटरमध्ये माप, वजन, आजची स्थिती, आणि पुढे त्यावर काय केलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवा. काकू किंवा मावशी ‘हा डबा माहेरचा नव्हे, सासूबाईंचा’ असं सांगते, ते नंतर कुठल्याही तज्ज्ञाला कळणार नाही. क्रमांकाची चिठ्ठी चिकटवू नका. गोंदाचा डाग धातूत आणि लाकडात उतरतो. सुती नाडीला कागदाचा तुकडा ओवा, पेन्सिलीने क्रमांक लिहा आणि सैल बांधा.

२. जवळ काय लागेल

– चित्रकलेचे मऊ कुंचले, एक लहान, एक रुंद
– कापूस, बांबूच्या काड्या, जुनं धुवट मलमल
– डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार आणि क्लोरिन डाग पाडतात
– सौम्य, वास आणि रंग नसलेला लिक्विड साबण
– आयसोप्रोपिल अल्कोहोल (औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं)
– प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड (रसायनांच्या दुकानात). फळ्यावरचा खडू चालणार नाही, तो बहुधा जिप्समचा असतो
– मायक्रोक्रिस्टलाइन मेण, छोटी डबी
– नायट्राइल हातमोजे, मास्क
– आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ
– सिलिका जेल, आम्लमुक्त टिश्यू पेपर

चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, राख, घासणी आणि तारेचा काथ्या या यादीत मुद्दाम नाहीत.

३. वापरातली वस्तू वेगळी, मांडायची वेगळी

रोजच्या पूजेतलं ताम्हन, पळी-पंचपात्री, सणाला लागणारी समई यांना संग्रहालयाचे नियम लावू नका. ती घासली जाण्यासाठीच आहेत, फक्त हलक्या हाताने आणि कमी वेळा. जी वस्तू आता वापरायची नाही, नुसती पाहायची आहे, तिच्यासाठी पुढचं सगळं.

तिसरा एक ढीग करा: ज्यांना तुम्ही हातच लावायचा नाही अशा वस्तूंचा. रंग सुटणारी चित्रं, फुटलेली रेशमी वस्त्रं, फिकट हिरवी भुकटी झडणारा धातू, वाळवी लागलेलं लाकूड, शेंदराचे थर चढलेले देव. शेंदरात शिसं किंवा पारा असू शकतो. तो खरवडला तर देवाचंही नुकसान आणि तुमच्या फुफ्फुसांचंही.

४. पितळ आणि तांबं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच किंवा लिंबू लावलं की आम्ल काळा थर तर काढतंच, पण पृष्ठभागातलं जस्तही विरघळवतं. भांडं धुतल्यावर पितळेवर गुलाबीसर डाग दिसले तर समजा की जस्त निघून गेलं आणि नुसतं तांबं उरलं. हा मळ नव्हे, त्यामुळे तो आणखी घासून जात नाही. उलट वाढतो. चिंचेत मीठ घालण्याची आपली सवय तर अधिक वाईट. मिठातला क्लोराइड खाचांत, कानांच्या सांध्यांत, कोरलेल्या अक्षरांत राहून जातो आणि पावसाळ्यात तिथून हिरवं फुटायला लागतं.

हिरवं म्हटलं की घाबरू नका, पण दोन हिरव्यांतला फरक ओळखा. गडद, घट्ट, नखाने न निघणारा थर स्थिर असतो, तो राहू द्या. फिकट पोपटी, पिठासारखी, झटकली तरी आठवड्याभरात परत येणारी भुकटी म्हणजे धातू आतून खाल्ला जातोय. अशी वस्तू बाकीच्यांपासून वेगळी काढा, हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा. ४० टक्क्यांच्या खाली आर्द्रता राहिली तर हा रोग मंदावतो.

साध्या, न किडलेल्या भांड्यासाठी क्रम असा:

कोरड्या कुंचल्याने धूळ काढा, खाचांतलीसुद्धा. समईवरची तेलाची काजळी कापसावर अल्कोहोल घेऊन टिपा. कापूस काळा झाला की फेकायचा, तोच परत फिरवायचा नाही. रंग किंवा लाखेचं काम असेल तिथे अल्कोहोल लावू नका. मग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात चहाचा एक चमचा साबण घालून ओल्या कापसाने पुसा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसा, आणि लगेच कोरडं करा. पोकळ बैठका, दुमडलेले काठ आणि कड्यांच्या खाली पाणी राहतं. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून तिथे पाच मिनिटं धरा.

बहुतेक भांडी इथेच छान दिसू लागतात. मधाच्या रंगाचं जुनं पितळ आरशासारख्या पितळेपेक्षा भिंतीपुढे जास्त शोभतं, असं आमचं तरी मत आहे. तरीही चकाकी हवीच असेल तर कॅल्शियम कार्बोनेटची पूड डिस्टिल्ड पाण्यात सायीसारखी कालवा, कापसाने हलकी गोल फिरवा, अक्षरांवरून जाऊ नका. पूड खाचांत वाळली तर पांढरी दिसते, ओल्या कुंचल्याने काढून टाका. शेवटी मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि मलमलने पुसा. हात देताना हातमोजे घाला, नाहीतर महिन्याभरात बोटांचे ठसे तपकिरी होऊन उमटतील.

तीन गोष्टी टाळाच. बफिंग करून घेऊ नका. ‘नव्यासारखं करून देतो’ याचा अर्थ वरचा थर कापून काढतो, आणि त्याबरोबर नावही जातं. स्प्रेचं लॅकर मारू नका. ते काही वर्षांत ठिकठिकाणी फुटतं, आणि धातू तिथेच काळा पडून बिबट्यासारखा दिसतो. आणि नुसत्या शोभेच्या भांड्याला कल्हई लावू नका. भट्टीच्या उष्णतेने जुने झाळलेले सांधे सुटतात. आत जुनी कल्हई शिल्लक असेल तर ती तशीच असू द्या.

पानाच्या डब्यातला वाळलेला चुना आणि काताचे डाग? राहू द्या की. ते काढले तर तो कुठलाही डबा होतो.

५. चांदी, टाक आणि दागिने

चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र यांत गुंडाळली तर लवकर पडते. अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायच्या सोड्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तो चालतो, पण साध्या चमच्या-वाटीला. ठोक्याच्या कामाच्या वस्तूला नव्हे, कारण खोलगट भागातली काळी छटाच डोळे, दागिने, घोडा, खड्ग उठवून दाखवते. ती गेली की खंडोबाचा टाक सपाट पत्रा दिसतो.

टाकाबद्दल आणखी एक. तो बहुधा पातळ चांदीच्या पत्र्याचा, मागे तांब्याचा पत्रा जोडलेला. पाण्यात बुडवला तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि आतून हिरवं येतं. कोरड्या मलमलने पुसा, जास्तीत जास्त ओलसर कापसाने कुंकू-हळद टिपा. पिढ्यान्पिढ्या घासून देवीचा चेहरा गुळगुळीत झाला असेल तर तो ‘उठावदार करून’ घेऊ नका.

जुने पोकळ सोन्याचे मणी, वज्रटीक, ठुशी, तोडे यांत आत लाख भरलेली असू शकते. गरम पाणी किंवा उकळता सोडा घातला की लाख मऊ होऊन बाहेर येते आणि मणी चेपतो. सराफाच्या दुकानातलं अल्ट्रासॉनिक यंत्रही इथे नको. नथीतले मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. व्हिनेगर, लिंबू, अत्तर, हेअर स्प्रे हे सगळे मोत्यांचे शत्रू. ओलसर मलमलने एकेक मोती पुसून सावलीत वाळवा. ओवण्याचा दोरा कुजला असेल तर नवीन ओवून घ्या, जुना दोरा आणि गोंडा पाकिटात जपून ठेवा.

६. यांना मुळीच घासायचं नाही

*बिदरी.* मराठवाड्यातल्या घरांत हुक्क्याचं बूड, पानदान, फुलदाणी सापडते. काळ्या जमिनीवर चांदीची वेलबुट्टी. ती जमीन जस्त आणि थोड्या तांब्याच्या मिश्रणाची असते आणि तिचा काळेपणा बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने मुद्दाम आणलेला असतो. पावडर लावली की सगळं राखाडी. फक्त मऊ कापड.

*नाणी.* ट्रंकेत शिवराई हमखास असते: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून आम्ल सुटतं आणि नाणं हिरवं चिकट होतं, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटं घ्या.

*तलवार, कट्यार.* सँडपेपर लावला तर पोलादातले पाण्याच्या लाटांसारखे मूळ नक्षे, म्हणजे जौहर, कायमचे जातात.

अडकित्ता, विळी, खलबत्ता अशा साध्या लोखंडी वस्तूंचा सैल गंज मात्र काढता येतो. ‘००००’ नंबरची स्टील वूल (अगदी बारीक पोलादी तंतूंची, भांड्यांचा तारेचा काथ्या नव्हे), शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब, हलका हात, मग पुसून मेण. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. अडकित्त्याच्या पितळी मुठीवर स्टील वूल जाऊ देऊ नका.

७. पैठणी, शालू, शेला

जुन्या पैठणीला ड्रायक्लीनला देण्याचा मोह होतो. रेशीम आधीच ठिसूळ असेल तर यंत्राच्या फेऱ्यांत ते घडीवर फाटतं. जुनी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली तार. ती पाण्याने, घामाने, अत्तराने काळवंडते आणि पॉलिशने तुटते. म्हणून काळी जर काळीच राहू द्या. धूळ काढायची तर साडीवर नायलॉनची जाळी ठेवून व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी ओढीवर वरून फिरवा. इस्त्री नको.

हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटून पाहा. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे लोंबणारे धागे नसतात.

घडीऐवजी गुंडाळी करा. सात ते दहा सेंटिमीटर व्यासाचा पुठ्ठ्याचा रूळ घ्या, पन्ह्यापेक्षा दोन्हीकडे चार-चार इंच लांब. पुठ्ठ्यात आम्ल असतं, म्हणून आधी अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, त्यावर खळ काढलेली मलमल, मग साडी, प्रत्येक फेऱ्यात टिश्यू. वरून मलमल, सैल नाडी. रुळाला जागा नसेल तर घड्यांच्या आत टिश्यूच्या सुरळ्या घाला आणि दर तीन महिन्यांनी घडी बदला. प्लॅस्टिकच्या पिशव्या दमट हवा कोंडतात. डांबराच्या गोळ्यांपेक्षा वेखंडाची पुरचुंडी बरी, पण कापडाला न टेकता.

मांडायची तर खोल चौकट करून गुंडाळीवरचा पदर तेवढा दिसेल असं ठेवा. खिळे, स्टेपल, गोंद नाही. हँगरवर लटकवलेली नऊवारी जरीच्या वजनाने स्वतःच फाटते. आणि पदर कापून फ्रेम करण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

८. फोटो आणि तसबिरी

मूळ फोटो भिंतीवर लावूच नका. ६०० डीपीआयवर, पासपोर्ट आकाराचे १२०० वर, टिफ फाइलमध्ये स्कॅन करा, चांगल्या कागदावर प्रत काढा आणि ती फ्रेम करा. पाहणाऱ्याला फरक पडत नाही, फोटोला पडतो.

मूळ फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नका. पावसाळ्यात वरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो आणि ओढलं तर चेहरा काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा आणि तसाच ठेवा. फोटोवर ओलं फडकं नको, हाताने रंगवलेल्या फोटोवर तर नकोच. बुरशी दिसली तर आधी कोरड्या खोलीत सुकू द्या, मग मास्क लावून गॅलरीत मऊ कुंचल्याने झटका. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. काळ्या पानांचा, कोपऱ्यांत फोटो बसवलेला आल्बम फोडू नका. त्यातला क्रमही माहितीच आहे.

देवादिकांच्या जुन्या तसबिरींपैकी काही राजा रविवर्मांच्या, १८९४ साली सुरू झालेल्या छापखान्यातल्या असतात. त्यांवर बायकांनी टिकल्या, जर, कापडाची लुगडी चिकटवलेली असली तर ती काढून ‘मूळ चित्र’ शोधू नका.

९. कागद आणि पोथ्या

मोडी कागदांवरची काळी शाई बहुतेक काजळ आणि डिंकाची. वर्षानुवर्षं उन्हात फिकी पडत नाही, पण ओल्या बोटाने पुसली जाते. म्हणून पाणी, वाफ, इस्त्री तिन्ही वर्ज्य. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन आरपार उतरतो. लॅमिनेशन तर कधीच परत काढता येत नाही. घड्या आपोआप उलगडतील तेवढ्याच उलगडा, फोटो घ्या, आम्लमुक्त कागदात सपाट ठेवा. ज्या रुमालात दप्तर बांधलेलं होतं तो धुऊ नका, फेकूही नका. वाचून घ्यायचं असेल तर पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे मोडी जाणणाऱ्यांची चौकशी करा.

कसर किंवा किडे दिसले तर पोथी पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं. फोटो, काच आणि रंगवलेल्या वस्तूंना हा उपाय लावू नका.

१०. शोकेस

नवीन प्लायवुड, एमडीएफ, फेविकॉल आणि ताजा रंग यांतून आम्लाची वाफ निघत राहते. शोकेस तयार झाली की महिनाभर दारं उघडी ठेवा. मग अस्तरातून गंधक सुटतो का याची एक साधी परीक्षा घ्या: नुकतंच पुसलेलं चांदीचं साधं, नवं नाणं आत ठेवून दार लावा. महिन्याभरात काळं पडलं तर आतलं अस्तर बदला. लोकरी फेल्ट आणि स्वस्त मखमल हे नेहमीचे गुन्हेगार.

रेशीम, फोटो, कागद यांना ५० लक्सच्या वर उजेड नको, म्हणजे वाचायला किंचित कमी पडेल एवढा. धातूला उजेडाचं काही नाही. उजेडाचं नुकसान साठत जातं, म्हणून पैठणी बारा महिने मांडण्यापेक्षा घटस्थापनेला काढून दिवाळीनंतर परत गुंडाळणं उत्तम. जागा निवडताना देवघराची उदबत्ती, स्वयंपाकघराची फोडणी आणि बाहेरची ओली भिंत यांपासून लांब.

आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर ती त्याहून वर असते, त्यामुळे आषाढाच्या आधी कापड आणि कागद मांडणीतून उतरवून बंद पेटीत सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं.

११. कायद्याची बाजू, विशेषतः परदेशी नेणाऱ्यांसाठी

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल, पण तशी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. विमानतळावर समजावून सांगू म्हणणाऱ्यांच्या मूर्ती तिथेच राहतात. जुनी दगडी-धातूची शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं घरातच ठेवायची तरी नोंदणी लागू शकते.

हस्तिदंती फणी, वाघनखं, कातडी, सांबरशिंगं १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मालकी प्रमाणपत्र सापडतं का पाहा, नसेल तर भिंतीवर लावण्याआधी वनखात्याकडे विचारणा करा. विकायचा विचार करू नका. ठासणीची बंदूक आणि नऊ इंचांहून लांब पात्याची शस्त्रं यांबाबत १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो का, हे स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून लेखी उत्तर फाइलला लावा.

तज्ज्ञ हवा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे आणि लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा. खासगी संवर्धकाकडे देताना तीन गोष्टी लेखी मागा: कोणती द्रव्यं वापरणार, केलेलं काम पुढे उलटवता येईल का, आणि आधीचे-नंतरचे फोटो. फोनवरच ‘चकाचक करून देतो’ म्हणाला तर वस्तू परत रुमालात बांधा. आणि घरगुती वस्तू कशा मांडाव्यात याची कल्पना हवी असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे एकदा बघून या, वही घेऊन.